पत्ता न विचारणारी टाकी: पाच किलोच्या ‘छोटू’ सिलिंडरचा सहा महिन्यांचा अनुभव

बदलीच्या आदेशात चेन्नईचे नाव वाचले तेव्हा मला धास्ती वाटली होती ती भाषेची. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात गाडी अडली ती चुलीपाशी. सांगलीच्या घरचे गॅस कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे आणि त्यावर तिथला स्वयंपाक चालतो. इथे नवे कनेक्शन घ्यायचे तर पत्त्याचा पुरावा हवा, त्यासाठी भाडेकरार हवा, आणि करारावर सही करणारे घरमालक महिनाभर परगावी. इंडक्शनवर भागले असते, परंतु खोलीतील जुन्या वायरिंगचा मला भरवसा वाटेना. शिवाय ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरवून आचेवर टाकल्याशिवाय फुगत नाही, हे सांगलीकराला वेगळे सांगायला नको. (ज्वारीच्या पिठाला इथे ‘चोळम माव’ म्हणतात आणि ते सहज मिळते.)

अशा वेळी कार्यालयातील एका सहकाऱ्याने इंडेनच्या, म्हणजे इंडियन ऑइल कंपनीच्या गॅसच्या, पाच किलोच्या सिलिंडरची आठवण करून दिली. पाच किलोच्या टाक्यांची ही खुली विक्री पेट्रोल पंपांवर 2013 साली सुरू झाली आणि इंडियन ऑइलने डिसेंबर 2020 मध्ये आपल्या टाकीला ‘छोटू’ हे नाव दिले. तिचे सारे महत्त्व एका गोष्टीत आहे: ती घेताना ओळखीचा पुरावा लागतो, पत्त्याचा लागत नाही. परगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला, कामगाराला किंवा माझ्यासारख्या बदलीवाल्याला नेमका पत्त्याचाच पुरावा देता येत नसतो, म्हणून ही सवलत दिसायला लहान असली तरी उपयोगाला फार मोठी आहे. आधार कार्डाची प्रत दिली, पैसे भरले, आणि पंधरा मिनिटांत टाकी हातात आली.

ती मिळेल असे दुकान शोधायला मात्र दोन दिवस गेले. ‘छोटू’ म्हटल्यावर दुकानदार चेहऱ्याकडे पाहत राहत. शेवटी ‘चिन्न सिलिंडर’ म्हणायला शिकलो आणि काम झाले. चिन्न म्हणजे लहान. पहिल्या दुकानाचा अनुभव चांगला नव्हता. शेगडी आमच्याकडूनच घेतली तर टाकी देऊ, असा तिथे आग्रह होता आणि पावती मागितल्यावर साठा संपल्याचे सांगण्यात आले. अशा ठिकाणी वाद न घालता अधिकृत वितरकाकडे किंवा कंपनीच्या पंपावर जावे, हे उत्तम.

टाकी घेताना काय पाहावे, हे मला वितरकाकडील एका वयस्कर कर्मचाऱ्याने हातवारे करून शिकवले. आधी सील पाहायचे. नंतर टाकीवर लिहिलेल्या रिकाम्या वजनात पाच किलो मिळवून काट्यावर खात्री करायची. कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात; ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत, आणि ती त्या टाकीच्या पुढील तपासणीची मुदत असते. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. रेग्युलेटर आणि नळी वेगळी घ्यावी लागते. नळी आयएसआय शिक्क्याची नारिंगी ‘सुरक्षा’ घ्यावी, आणि जोडणीवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, ते पाहिल्याखेरीज काडी ओढू नये. गळतीची शंका आल्यास 1906 या क्रमांकावर दिवसरात्र तक्रार नोंदवता येते.

आता खर्चाचे बोलू. या टाकीला घरगुती दर लागू होत नाही, त्यामुळे किलोमागे गॅस 14.2 किलोच्या घरगुती टाकीपेक्षा स्पष्टपणे महाग पडतो. माझ्या एकट्याच्या दोन वेळच्या स्वयंपाकाला पहिली टाकी अडतीस दिवस पुरली. चहाचे प्रमाण कमी केल्यावर दुसरी बेचाळीस दिवस. चौघांच्या कुटुंबाला ती दहा-बारा दिवसांत संपेल आणि हिशेब मुळीच परवडणार नाही. महाग वाटते म्हणून पुष्कळ जण रस्त्याकडेच्या दुकानात मोठ्या टाकीतून लहान टाकीत गॅस भरून घेतात. हा प्रकार बेकायदा तर आहेच, पण बंद गाळ्यात असा गॅस उतरवताना एक ठिणगी पुरते. वाचलेल्या पैशांसाठी हा धोका पत्करणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

भरलेली टाकी बारा-तेरा किलोंची असते, म्हणून तिसऱ्या मजल्यावर एका हाताने नेता येते. मोठ्या टाकीपुढे हे सुख किती, ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्यांनाच कळेल. एक अडचण लक्षात ठेवावी. गाव सोडताना ही टाकी सामानाबरोबर रेल्वेने नेता येत नाही. विक्रीकेंद्रावर ती परत घेण्याची सोय आहे, आणि त्यासाठी खरेदीची पावती मी जपून ठेवली आहे.

भाडेकरार आता झाला आहे आणि कुटुंब येण्यापूर्वी मी घरगुती कनेक्शनसाठी अर्ज करणार आहे. ‘छोटू’ मात्र एवढ्यात परत करायचा नाही, कारण मोठी टाकी नेहमी पाहुणे आलेले असताना, रात्री आठ वाजताच संपते.