मालवणातील निबंध-तपासणी: पेन्सिलीच्या खुणा आणि तीनदा लिहिलेली रापण

मालवणात भरडावरच्या एका जुन्या घराच्या पडवीत एक निवृत्त शिक्षिका शाळकरी मुलांचे मराठी निबंध तपासून देतात. दारावर पाटी नाही, आणि आपले नाव कोठे छापले जाऊ नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळे येथे त्यांचा उल्लेख केवळ ‘बाई’ असा करतो. माझी मुलगी नववीत आहे. गणपतीनंतर तिने बाईंकडे तीन निबंध दिले. त्यांपैकी पहिल्याविषयीच मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या तपासणीचे सारे मोल त्या एका निबंधाच्या तीन खर्ड्यांत मला दिसले.

व्यवहार साधा आहे. एका निबंधाचे दीडशे रुपये, त्यात तीन वाचने. निबंध एक ओळ सोडून आणि चार बोटे समास राखून लिहावा लागतो. शनिवारी कागद द्यायचा आणि पुढच्या शनिवारी परत न्यायचा.

निबंधाचा विषय होता ‘मी पाहिलेली रापण’. रापण म्हणजे समुद्रात सोडलेले जाळे किनाऱ्यावरून ओढून केलेली मासेमारी. पहिला खर्डा परत आला तेव्हा त्यावर लाल शाईचा एक ठिपकाही नव्हता. होत्या त्या पेन्सिलीच्या बारीक खुणा. छापखान्यातील मुद्रितशोधनात, म्हणजे छपाईपूर्वीच्या चुका-तपासणीत, खूण दोन ठिकाणी केली जाते: ओळीत चुकीची जागा दाखवायची आणि समासात दुरुस्ती लिहायची. बाईंनी ही पद्धत घेतली आहे, परंतु समासात त्या दुरुस्ती लिहीत नाहीत, चुकीचा प्रकार तेवढा नोंदवतात. शब्द राहून गेला असेल तेथे काकपद (^), दोन शब्द चिकटले असतील तेथे मधोमध उभी रेघ, तुटलेला शब्द जोडायचा असेल तर वर-खाली दोन कंस, आणि शब्दांची अदलाबदल हवी असेल तेथे नागमोडी रेघ. ‘वडीलांनी’ या शब्दाखाली रेघ होती आणि समासात ‘वेलांटी’ एवढेच लिहिले होते. सोबत मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांची छायाप्रत होती. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेले १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, असे ते अठरा नियम मुलीने प्रथमच सलग वाचले. ‘वडील’, ‘गरीब’, ‘वकील’ यांतील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराची, वेलांटी दीर्घ असली तरी सामान्यरूप होताना, म्हणजे प्रत्यय लागताना, ती ऱ्हस्व होते, म्हणून ‘वडिलांनी’, ‘गरिबाला’, ‘वकिलाने’, हे तिने स्वतः शोधून काढले. पुढच्याच परिच्छेदात ‘बहीणीने’ असा शब्द होता आणि त्याखाली रेघ नव्हती. एका प्रकारची चूक बाई पहिल्यांदा आढळेल तेथेच दाखवतात, बाकीच्या मुलाने हुडकायच्या. ‘बहिणीने’ अशी दुरुस्ती करताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो मी आधीच्या कोणत्याही तपासलेल्या वहीसमोर पाहिला नव्हता.

शुद्धलेखनापेक्षाही मोलाच्या खुणा रचनेच्या होत्या. निबंधाची सुरुवात ‘महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे’ या वाक्याने झाली होती. त्याभोवती चौकटी कंस करून बाईंनी समासात विचारले होते, ‘हे तू पाहिलेस का?’ तिसऱ्या परिच्छेदात होडीतून जाळे अर्धवर्तुळात समुद्रात सोडले जाते, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात, माणसे दोन रांगांत उभी राहून दोर ओढू लागतात आणि दोन्ही रांगा ओढता ओढता एकमेकींकडे सरकत जातात, असे वर्णन होते. तेथून एक लांब बाण थेट कागदाच्या माथ्यावर नेला होता. आमच्या मुलीने चिवल्याच्या किनाऱ्यावर हे डोळ्यांनी पाहिले होते, तिने स्वतः दोराला हात लावला होता आणि घरी येताना तिला वाट्याचे चार बांगडेही मिळाले होते. तरी निबंध म्हटल्यावर तिला आधी भूगोल सांगावासा वाटला. दुसऱ्या खर्ड्याचे पहिले वाक्य ‘दोर ओला होता आणि हाताला काचत होता’ असे आले. बाईंनी ते सुचवले नव्हते. त्यांनी फक्त जागा मोकळी करून दिली होती.

आता ज्या गोष्टीसाठी मी बाईंचा विशेष ऋणी आहे ती सांगतो. निबंधात एक म्हातारे मच्छीमार म्हणतात, “आज म्हावरा गावला.” पूर्वी एका ठिकाणी याच वाक्यावर लाल काट मारून वर ‘आज मासे मिळाले’ असे लिहिले गेले होते, आणि त्यानंतर मुलगी घरातले शब्द वहीत आणायला बिचकू लागली होती. बाईंनी या वाक्याखाली टिंबांची ओळ दिली. मुद्रितशोधनात तिचा अर्थ ‘आहे तसेच राहू द्या’ असा होतो. मात्र चार ओळींनंतर निवेदनात आलेल्या ‘म्हावरा’ या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढून समासात विचारले होते, ‘येथे कोण बोलते आहे?’ प्रश्नाचा रोख मुलीला कळला. बोलणाऱ्याच्या तोंडी मालवणी तशीच राहिली, निवेदनात ‘मासळी’ आली, आणि ‘रापण’ हा शब्द दोन्हीकडे राहिला, कारण त्याला दुसरा शब्दच नाही. बोली आणि प्रमाण मराठी यांचे नाते इतक्या आदराने आणि इतक्या थोड्या जागेत समजावलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. ‘खूप’ हा शब्द बाईंना सहन होत नाही, आणि सापडेल तेथे त्या गाळण्याची खूण करतात. सातपैकी सहा ठिकाणी ते योग्यच होते. परंतु जाळे जवळ आल्यावर पाण्याची जी सळसळ सुरू झाली तिच्याविषयी ‘मला खूप भीती वाटली’ असे जे वाक्य होते, त्यातला शब्द मुलीला हवा होता. तिने तिसऱ्या खर्ड्यात त्याखाली स्वतः टिंबांची ओळ देऊन कागद पाठवला. बाईंनी तो शब्द राहू दिला आणि समासात ‘मान्य’ असे लिहिले.

उणिवाही सांगायला हव्यात. पेन्सिलीच्या खुणा फिकट असतात आणि संध्याकाळच्या उजेडात काही दिसतच नाहीत. खुणांच्या अर्थाचा जो कागद मिळतो त्याची छायाप्रत पुसट आहे. नागमोडी रेघ आणि बाण यांतला फरक आम्हाला दुसऱ्यांदा जाऊन विचारावा लागला. मोबाईलवरून पाठवलेली छायाचित्रे बाई तपासत नाहीत, त्यामुळे देवबाग किंवा आचऱ्याहून येणाऱ्या मुलांना दर खेपेस एसटीने यावे लागते. एक निबंध पुरा व्हायला तीन आठवडे जातात. दहावीची परीक्षा महिन्यावर आली असताना वेळ लावून निबंध लिहिण्याचा सराव हवा असेल, तर तो येथे मिळणार नाही, आणि तसे बाई पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात.

सातवी ते नववीच्या मुलांच्या पालकांनी मात्र अवश्य जावे. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीआधी केलेली बरी, कारण सुट्टीत कागदांची गर्दी होते. पहिला खर्डा घरी कोणी सुधारून देऊ नये. आम्ही दुसऱ्या निबंधाच्या वेळी ती चूक केली, आणि तो कागद एकाही खुणेशिवाय परत आला. समासात फक्त ‘तुझा खर्डा आण’ असे लिहिलेले होते.