संत्र्याच्या शेंडेमरीवर विकलेले ‘खात्रीचे’ औषध

वरूड तालुक्यातील आमच्या संत्रा बागेत गेल्या पावसाळ्यानंतर काही झाडांचे शेंडे वरून खाली वाळू लागले, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आणि आंबिया बहाराची (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांची) फळे लहान राहून गळू लागली, तेव्हा गावात फिरणारा एक ‘संत्रा डॉक्टर’ बांधावर आला. मोबाईलवर फोटो काढून तो वडिलांना म्हणाला, “काकाजी, हा डायबॅक आहे, म्हणजे शेंडेमर, हे औषध ड्रिपमधून दोनदा सोडा, झाड उठून उभं राहते.” लिटरला तीन हजार रुपये घेऊन त्याने बाटल्या दिल्या, सोबत पक्के बिल नव्हतेच, चिठ्ठीवर वर ‘एस्टिमेट’ आणि खाली ‘सेंद्रिय टॉनिक’ एवढेच लिहिले होते.

शेंडे वाळणे हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणे अनेक असू शकतात, हे त्याच्या धंद्याला सोयीचे नव्हते. खोडकिडा असेल तर बुंध्यावर छिद्र व भुसा दिसतो, जस्ताची कमतरता असेल तर नवी पाने बारीक व शिरांमध्ये पिवळी येतात, आणि भारी काळ्या जमिनीत पाणी साचले तर फायटोफ्थोरा बुरशी तंतुमुळे कुजवते व बुंध्यातून डिंक येतो. यातले काहीच न तपासता, एकही मूळ उकरून न पाहता दिलेले औषध म्हणजे निव्वळ विक्री होय.

टॉनिकनंतर पाने हिरवीगार झाली, आणि खरी फसवणूक त्या हिरवेपणातच होती, कारण मुळे कुजतच राहिली आणि त्या आशेवर उपचाराचा काळ निघून गेला. पुढे कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांनी आळ्यातील माती बाजूला करताच मुळाची साल चिमटीत निघून आली. त्यांच्या सल्ल्याने आम्ही पाणी निघण्यासाठी चर काढले, बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे केले, वाळलेल्या फांद्या जिवंत भागापर्यंत छाटल्या आणि खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, लावली. तिला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी लागते, म्हणजे खर्च त्या बाटलीच्या जवळपासही जात नाही. अर्धी झाडे तरीही गेली.

बाटलीवर घटकांचे प्रमाण नव्हते, बॅच क्रमांक नव्हता आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ताही नव्हता. रोग बरा करण्याचा दावा करणारे औषध १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदलेले असावे लागते, आणि जैवउत्तेजके, म्हणजे झाडाच्या वाढीला चालना देणारी अशी टॉनिके, २०२१ पासून खत नियंत्रण आदेशात आली आहेत. ‘सेंद्रिय’ हा शब्द छापल्याने दोन्हींतून सुटका होत नाही. आम्ही तक्रार केली तेव्हा उघडलेल्या बाटलीतून कायदेशीर नमुना घेता येत नाही, असे सांगण्यात आले. विक्रेत्याचा फोन तोवर बंद झालाच होता. त्यामुळे असे काही विकत घेतलेच, तर परवाना क्रमांक असलेले पक्के बिल मागावे आणि एक बाटली सीलबंद ठेवावी. बिल द्यायला जो कुरकुरतो, त्याला बागेत शिरूच देऊ नये.