रविवारी सकाळी दाखवलेलं घर

ते घर आम्ही तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा रविवारी, तिन्ही वेळा सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तिथे राहायला जाऊन सहा महिने झाले होते. नोकरी शहरात आणि मुलांसाठी घर उपनगरात, अशा शोधात असलेल्यांनी हे वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं ऑफिस शहराच्या मध्यावर. भाड्याच्या दोन खोल्या मुलांना पुरेनाशा झाल्या, तेव्हा आम्ही उपनगरात शोधायला लागलो. या घरात मुलांना वेगळी खोली मिळणार होती, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, मागे अंगण होतं. एजंट पहिल्याच फोनवर म्हणाला, "ताई, ऑफिसपर्यंत फक्त ३५ मिनिटं." आम्ही त्याच्या शब्दावर विसंबलो नाही. घर पाहून झाल्यावर तिथूनच गाडीनं थेट ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. ३४ मिनिटं लागली. स्वतः घड्याळ लावून मोजलेलं, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही.

कामाच्या दिवशी त्याच रस्त्यावर गाडी हलत नाही, म्हणून मी रेल्वे धरली. घरापासून स्टेशन १६ मिनिटं. जाहिरातीत जिचा उल्लेख होता ती जलद गाडी आमच्या स्टेशनवर दिवसातून दोनदाच थांबते आणि दोन्ही वेळा दुपारी. सकाळी धीमी गाडी, बहुतेक वेळा पहिलीत शिरायला मिळतच नाही, मग मध्ये एक बदल, पुढे पुन्हा चालणं. दारापासून दारापर्यंत ८५ मिनिटं. सांगितलेल्यापेक्षा ५० जास्त, जाऊन-येऊन १००. कामाचे २२० दिवस धरले तर वर्षाला ३६६ तास, म्हणजे पंधरा अख्खे दिवस आणि रात्री. हा हिशेब मी एकदा गाडीत उभ्या-उभ्या केला आणि मला रडू आलं. धाकटीला झोपवायचं काम तोवर तिच्या बाबाकडे गेलं होतं, कारण मी घरी पोचेपर्यंत ती झोपलेली असायची.

नंतर मी या विषयावरचं बरंच वाचलं. इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ साली मांडलं होतं की माणूस पायी फिरत होता तेव्हाही आणि मोटारीच्या काळातही सरासरी दिवसाला साधारण तासभरच प्रवास करतो. वाहनं वेगवान झाली की वस्ती लांब पसरते, तासभर तसाच राहतो. आलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती तपासली. लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या घरानं किंवा जास्त पगारानं होत असेल, असा अंदाज होता. तसं दिसलं नाही. जितका प्रवास लांब, तितकं लोकांचं समाधान कमी निघालं. घर घेण्याआधी हे माहीत असतं तर मी खोल्या मोजण्याच्या आधी मिनिटं मोजली असती.

पण प्रवासाचं आमचं आम्ही नीट पाहायला हवं होतं, एवढं तरी मी मान्य करते. विमानांच्या बाबतीत आमची सरळसरळ फसवणूक झाली.

नकाशावर विमानतळ बऱ्यापैकी लांब दिसत होता, तरी मी विचारलं होतं. एजंट अंगणात थांबला, बोट ओठांवर ठेवून म्हणाला, "ऐका ताई, येतोय का काही आवाज?" पानांची सळसळ तेवढी ऐकू येत होती. घराचे मालकही शेजारीच उभे होते. ते हसून म्हणाले, "इथली शांतताच आम्हाला सोडवत नाहीये."

विमान वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतं आणि तसंच उडतं. वारा फिरला की धावपट्टीचं दुसरं टोक वापरात येतं. एकीकडून वारा असेल तर आमच्या डोक्यावर एकही विमान नसतं. उलट फिरला की संध्याकाळी सातपासून रात्री उशिरापर्यंत दर तीन-चार मिनिटांनी एक, तेही इतकं खालून की खिडकीची काच थरथरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१८ मध्ये विमानांच्या आवाजासाठी रात्रीची शिफारस ४० डेसिबलच्या आतली दिली आहे. डोक्यावरून जाणाऱ्या त्या विमानांच्या आवाजानं माझी मुलं दचकून उठायची. एकदा गुरुवारी संध्याकाळी घर पाहायला येऊ का, असं आम्ही विचारलं होतं. मालकांची तब्येत बरी नाही, असं कारण एजंटनं दिलं होतं.

खरं काय ते समोरच्या आजींनी सांगितलं. गल्लीतल्या लोकांनी मिळून विमानतळाकडे तक्रार केली होती, तिची प्रत त्यांच्याकडे होती. पहिलीच सही आमच्या घराच्या जुन्या मालकांची. विक्रीच्या वेळी त्यांनी जो माहितीचा फॉर्म भरून दिला, त्यात आवाजाचा त्रास किंवा त्याबद्दलची तक्रार या रकान्यात स्वतःच्या हातानं "नाही" लिहिलं होतं.

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो फॉर्म बाजूला काढून ठेवला. ३५ मिनिटं, अंगणातलं ते "ऐका ताई", शांततेचं कौतुक, हे सगळं तोंडी होतं, ते सिद्ध करणं अवघड. "नाही" हा एकच शब्द कागदावर होता. त्याच्या जोरावर चौदा महिन्यांनी तडजोड होऊन थोडी रक्कम परत मिळाली. एजंटचं काहीच वाकडं झालं नाही, कारण त्यानं काहीच लिहून दिलं नव्हतं. म्हणून जे विचाराल ते लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच असं समजा.

इसाराच्या रकमेचंही सांगते. दुपारी दुसरं कुटुंब पैसे घेऊन येतंय, असं सांगून एजंटनं आमच्याकडून त्याच सकाळी सही घेतली. रक्कम परत मिळणार नाही, ही ओळ पावतीच्या मागच्या बाजूला होती. ते दुसरं कुटुंब होतं की नाही, देव जाणे. पण आम्ही एक आठवडा मागितला असता तर त्या आठवड्यात एक मंगळवार आला असता. सकाळी आठला त्या स्टेशनवर उभं राहता आलं असतं, संध्याकाळी आजींचं दार वाजवता आलं असतं. जमलं तर त्या भागात आधी दोन-तीन महिने भाड्यानं राहा. भाड्याचे पैसे वाया जात नाहीत.

मागच्या महिन्यात शेजारचं घर विकायला निघालं. रविवारी सकाळी एक जोडपं पाहायला आलं, बाईच्या खांद्यावर बाळ. एजंट तिघांच्या मध्येच होता, तरी मी कुंपणापाशी गेले आणि म्हटलं, "कामाच्या दिवशी संध्याकाळी या. आमच्या अंगणात चहा घेऊ." वारा बघून मीच त्यांना मंगळवार कळवला. ते आले. सात वाजून दहा मिनिटांनी पहिलं विमान गेलं, तेव्हा तिनं बोलता-बोलता बाळाच्या कानावर हात ठेवला.