जुनी फुलदाणी घेताय? आधी बुडाचा फोटो मागा

एका ऑनलाइन अँटिक विक्रेत्याकडून तीन जुन्या फुलदाण्या घेतल्या, एक चांदीची, एक पोर्सिलेनची आणि एक मिक्स मेटलची (म्हणजे एका धातूवर दुसरे धातू जडवलेली), त्यांचा हा रिव्ह्यू. आधीच सांगून टाकते, तिन्हींत मिक्स मेटलवालीच सगळ्यात भारी आहे आणि लिस्टिंगमध्ये नेमकं तिच्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं होतं, दोन ओळीत विषय संपवलेला.

चांदीवालीपासून सुरू करते. तुतारीच्या आकाराची, खाली निमुळती, वर पसरट, काठ जाळीदार. हॉलमार्कचे ठसे एकदम स्पष्ट आहेत. चालणारा सिंह म्हणजे स्टर्लिंग, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमला झालेली, एक अक्षर आहे ज्यावरून साल काढता येतं आणि चौथा ठसा कारागिराचा. राजाराणीच्या डोक्याचा ठसा नाहीये, तो इंग्लंडमध्ये चांदीवर कर होता तेव्हा मारायचे, १७८४ ते १८९०, त्यामुळे ही त्यानंतरची हे सालाच्या अक्षराशीही बरोबर जुळतं. इथपर्यंत शंभर टक्के समाधान. पण लिस्टिंगमध्ये वजन असं ठळक छापलेलं की वाटावं सगळी चांदीच आहे, आणि प्रत्यक्षात तळ भरीव निघाला. म्हणजे वर चांदीचा पातळ पत्रा आणि आत राळ किंवा प्लास्टर भरलेलं, फुलदाणी कलंडू नये म्हणून तसं करायचेच, त्यात फसवणूक काही नाही, पण मग ‘तळ भरीव आहे’ हे तीन शब्द लिहायलाच हवेत ना. माझं स्पष्ट मत आहे की भरीव तळाच्या वस्तूचं वजन विक्रेत्याने अजिबात छापू नये, त्या आकड्याला चांदीच्या हिशोबात काही अर्थच नसतो. आणि अशी वस्तू कडकडीत गरम पाण्यात कधीच बुडवू नका, आतली राळ मऊ होते आणि तळ सुटतो. ते अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि खायचा सोडा घालून गरम पाण्यात चांदी लख्ख करायचे व्हिडिओ फिरतात ना, ते हिच्यासाठी नाहीत.

पोर्सिलेनची फुलदाणी चिनी, निळी-पांढरी, बुडाला कांगशी बादशहाचा सहा अक्षरी शिक्का. कांगशीचा काळ १६६२ ते १७२२, पण विक्रेत्याने स्वतःच लिहिलं होतं की शिक्का कांगशीचा असला तरी वस्तू १९व्या शतकातली आहे. याचं मला मनापासून कौतुक वाटलं, कारण जुन्या बादशहांचे शिक्के नंतरच्या भांड्यांवर घालायची पद्धत चीनमध्ये होतीच, कधी आदर म्हणून कधी खपावं म्हणून, आणि बरेच विक्रेते तो शिक्का दाखवून दोनशे वर्षं सहज वाढवून सांगतात. निळा रंग सुंदर, कोबाल्टचा, झिलईच्या खाली असल्यामुळे आजही तसाच ताजा. आतून टॉर्च धरला की पातळ भागातून उजेड दिसतो, खरं पोर्सिलेन असंच असतं. गळ्याला चांदीची पट्टी बसवलेली आहे आणि लिस्टिंगमध्ये ती ‘शोभेची कड’ म्हणून लिहिलेली. पण टॉर्च तिरका धरून बघितलं तर पट्टीखालून केसासारखा बारीक तडा खाली उतरलेला दिसतो, आणि टिचकी मारली तर खणखण न वाजता आवाज दबका येतो. काठाचा टवका उडाला की काठ घासून सपाट करायचा आणि वर धातूची पट्टी बसवायची ही जुनीच रीत आहे. मला स्वतःला अशा दुरुस्त्या आवडतात, कुणीतरी ती वस्तू टाकून न देता सांभाळली हे त्यात दिसतं, पण घेणाऱ्याला ते आधी कळायला पाहिजे, नंतर टॉर्च घेऊन शोधावं लागू नये.

आता मिक्स मेटलवाली. जपानी, मेजी काळातली, म्हणजे १८६८ ते १९१२ मधली. अंग ब्राँझचं, त्यावर चांदी, सोनं आणि शाकुदो जडवून बगळे आणि बांबू. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं सोनं घातलेला मिश्रधातू, त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की कावळ्याच्या पंखासारखा निळसर काळा रंग येतो. शेजारी एका खडकाला करडा शिबुइची वापरलाय, हा तांबं-चांदीचा मिश्रधातू, त्यात साधारण चौथा हिस्सा चांदी असते. हे सगळं काम मुळात तलवारींच्या मुठींवर आणि इतर साजावर व्हायचं. १८७६ मध्ये तलवार लावून उघड फिरायला बंदी आली आणि तेच हात फुलदाण्या, डब्या, धूपदाण्या घडवायला लागले, आणि एवढ्याशा बगळ्याच्या पायाची रेघ बघितली की ते तलवारीवर तयार झालेले हात आहेत हे पटतं. याच जपानी कामाचा प्रभाव घेऊन अमेरिकेत टिफनी या चांदी-दागिन्यांच्या कंपनीतल्या एडवर्ड मूरने चांदीवर तांबं आणि इतर धातू बसवून भांडी करवून घेतली आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ती गाजली. माझ्याकडची त्या तोडीची नाही, सही पण नाही, तरी तासन् तास बघत बसावं असं काम आहे.

आणि इथेच माझी सगळ्यात मोठी तक्रार. बॉक्समध्ये एक केअर कार्ड आलं, तिन्ही फुलदाण्यांना एकच, ‘चमक टिकवण्यासाठी नियमित मेटल पॉलिश करा’. अहो, शाकुदोला पॉलिश लावलं तर तो काळा रंगच निघून जाणार, खालून लालसर तांबं वर येणार आणि मग काळा बगळा आणि ब्राँझ यात फरकच उरणार नाही. तो काळेपणा मळ नाहीये, कारागिराने मुद्दाम आणलेला रंग आहे. नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसायची, बस. मी विक्रेत्याला हे सविस्तर लिहून पाठवलंय आणि कार्ड बदलायला सांगितलंय, अजून उत्तर नाही.

पॅकिंग उत्तम, डबल बॉक्स, टिश्यू पेपर, चांदीला रबर बँड लावलेला नव्हता (रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते), त्याचे पूर्ण मार्क.

फुलं ठेवायची असतील तर मिक्स मेटलमध्ये थेट पाणी नको, दोन धातू लागून असतात तिथे ओल राहिली की गंज लवकर धरतो. आत काचेची नळी बसते, तीत पाणी घालायचं.

पाचपैकी साडेतीन देतेय. परत घेईन का तर हो, पण ऑर्डर करायच्या आधी बुडाचा फोटो, आतून टॉर्च धरून काढलेला फोटो, आणि तळ भरीव आहे का याचं लेखी उत्तर मागून घेईन.