परदेशातून मागवलेला ई-इंक टॅबलेट, वाटेत फुटलेला पडदा आणि भरपाईचे मार्ग: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जर्मनीतल्या एका ऑनलाइन दुकानातून मी 10.3 इंची ई-इंक टॅबलेट, म्हणजे छापील कागदासारखा दिसणारा पडदा असलेले वाचनयंत्र, मागवला होता. आज माझ्या टेबलावर जो टॅबलेट आहे तो दुसरा. पहिला वाटेतच निकामी झाला. यंत्राविषयी माझे मत चांगले आहे आणि ते सांगणारच आहे, परंतु अशी वस्तू मागवण्याच्या विचारात असलेल्यांना पहिल्या पार्सलची हकिकत अधिक उपयोगी पडेल. पडद्याची परीक्षणे हवी तेवढी वाचायला मिळतात. तो फुटून आला तर पैसे कोणाकडे आणि कोणत्या मार्गाने मागायचे, हे मात्र भारतातल्या ग्राहकाला फारसे कोणी नीट सांगत नाही.

आधी यंत्राबद्दल. माझे काम जुन्या मराठी दस्तऐवजांच्या स्कॅन केलेल्या प्रती वाचण्याचे आहे. इंचाला 300 बिंदू इतकी घनता असलेल्या या पडद्यावर जोडाक्षरे, रफार आणि पुसट झालेले अनुस्वारसुद्धा स्पष्ट दिसतात. दिवसभर वाचूनही डोळे चुरचुरत नाहीत आणि समासात पेनने टिपणे करता येतात. मोठ्या पीडीएफमध्ये पान उलटताना थोडा वेळ लागतो आणि आधीच्या पानाची पुसट छाया काही वेळा मागे राहते. काही महिन्यांच्या वापरानंतर या दोन्हींची सवय झाली आहे. रोज वाचूनही चार्जिंगची आठवण आठवड्यातून एखाद्या वेळीच करावी लागते.

आता पहिल्या पार्सलकडे वळतो. खोक्याचा एक कोपरा आत दबलेला होता. टॅबलेटची वरची बाजू मात्र अखंड होती. बोट फिरवले तरी कुठे चरा लागत नव्हता. बहुतेक ई-इंक पडद्यांमध्ये ट्रान्झिस्टरांची जाळी काचेच्या अतिशय पातळ थरावर बसवलेली असते आणि दाब पडला की वरचे आवरण शाबूत राहून आतला हाच थर तडकतो. यंत्र सुरू केले तेव्हा उजवीकडचा साधारण तिसरा हिस्सा हललाच नाही. तिथे कारखान्यातून निघतानाचे स्वागतचित्र तसेच अडकून राहिले होते, आणि त्याच्या कडेने उभ्या रेघा उतरल्या होत्या. ई-इंकला चित्र टिकवून धरण्यासाठी वीज लागत नाही, त्यामुळे पडद्याचा जो भाग निकामी होतो त्यावर शेवटचे चित्र गोठून राहते. माझ्या प्रकरणात हाच सर्वांत भक्कम पुरावा ठरला. पडदा माझ्या हातून फुटला असता, तर त्या भागात माझ्या भाषेची निवड, माझे वाय-फाय किंवा माझे एखादे पुस्तक गोठलेले दिसले असते. तिथे कारखान्याचेच चित्र होते, याचा अर्थ यंत्र पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वीच पडदा गेला होता. खोके उघडतानाचा सलग व्हिडिओ, दबलेल्या कोपऱ्याचे आणि कुरिअरच्या लेबलचे फोटो, आणि या गोठलेल्या चित्राचा जवळून घेतलेला फोटो इतकी सामग्री त्याच संध्याकाळी विक्रेत्याला ईमेलने गेली.

विक्रेत्याचे पहिले उत्तर ठराविक होते: पडदा फुटणे वॉरंटीत बसत नाही. इथे पुष्कळ ग्राहक गप्प बसतात, आणि ते तसे बसतात याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे उत्तर मुळात वेगळ्याच प्रश्नाचे आहे. वॉरंटी वापरादरम्यान उद्भवणाऱ्या दोषांसाठी असते. वाहतुकीत झालेले नुकसान हा जोखीम कोणाची हा प्रश्न आहे. विक्रेत्याच्या स्वतःच्या अटींमध्ये व्यवहाराला जर्मन कायदा लागू होईल असे लिहिले होते, म्हणून मी त्याच कायद्याचा आधार घेतला. जर्मनीलाही बंधनकारक असलेल्या युरोपीय संघाच्या 2011 च्या ग्राहक हक्क निर्देशाच्या कलम 20 नुसार, पाठवणीची व्यवस्था विक्रेत्याने केली असेल तर वस्तू ग्राहकाच्या प्रत्यक्ष ताब्यात येईपर्यंत हरवण्याची आणि मोडण्याची जोखीम विक्रेत्याचीच असते. ब्रिटनच्या 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यातल्या कलम 29 चाही आशय हाच आहे. अमेरिकेत मात्र सर्वसाधारण करारात माल वाहतूकदाराच्या हाती दिला की जोखीम खरेदीदाराकडे जाते असे धरले जाते, त्यामुळे तिथून खरेदी करताना या मुद्द्यावर विक्रेत्याचे स्पष्ट लेखी आश्वासन घेणे फार महत्त्वाचे आहे. मी हे सगळे शांतपणे लिहून कळवल्यावर वॉरंटीची भाषा थांबली आणि ‘तुम्ही कुरिअरकडे दावा करा’ अशी नवी सूचना आली.

कुरिअर कंपनीने सांगितले की आमचा करार पाठवणाऱ्याशी आहे, दावा त्यानेच करावा. तरीही मी कुरिअरला लेखी तक्रार दिली आणि त्याची पोच घेतली. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीला 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. तो भारतात 30 जून 2009 पासून अमलात आहे आणि 1972 च्या कॅरेज बाय एअर कायद्याची तिसरी अनुसूची म्हणून आपल्या कायद्याचा भाग आहे. त्यानुसार मालाच्या नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून 14 दिवसांत, आणि उशिराची तक्रार 21 दिवसांत करावी लागते. ही मुदत गेली की वाहतूकदाराविरुद्धचा दावा संपतो. तक्रार न करता पार्सल स्वीकारले तर ते सुस्थितीत मिळाले असेच प्रथमदर्शनी मानले जाते. पार्सल आलेच नाही तर, ते पोहोचायला हवे होते त्या तारखेपासून सात दिवस उलटल्यावर माल घेणाऱ्यालाही वाहतूकदाराकडे आपले हक्क मागता येतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

परंतु हवाई वाहतूकदाराच्या भरपाईवर मोठा भरवसा ठेवू नये, कारण ती वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, वजनावर ठरते. 28 डिसेंबर 2024 पासून करारातली मर्यादा किलोमागे 26 स्पेशल ड्रॉइंग राइट्स (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक), म्हणजे ढोबळ मानाने तीन हजार रुपये, इतकी आहे. पाठवणाऱ्याने माल सोपवताना विशेष मूल्य जाहीर करून जादा आकार भरला असेल तरच ही मर्यादा ओलांडता येते. टॅबलेट खोक्यासकट जेमतेम किलोभर भरतो आणि त्याची किंमत या रकमेच्या कितीतरी पट असते. लोखंडी अवजारे मागवणाऱ्याला ही व्यवस्था कदाचित परवडेल. हलक्या आणि महागड्या इलेक्ट्रॉनिक वस्तूच्या ग्राहकावर ती उघड अन्याय करते, असे माझे स्पष्ट मत आहे. पार्सल टपालाने आले असेल तर हा मार्गही उरत नाही, कारण टपालाच्या बाबतीत विमान कंपनी फक्त टपाल खात्याला उत्तरदायी असते. तिथे चौकशीचा अर्ज पाठवल्यापासून सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो आणि तो बहुधा पाठवणाऱ्यालाच त्याच्या देशातल्या टपाल खात्याकडे करावा लागतो.

विक्रेत्याने त्यानंतर यंत्र परत पाठवायला सांगितले. ते ऐकायला सोपे वाटते, पण टॅबलेटमध्ये लिथियम बॅटरी असते, आणि बिघडलेली किंवा इजा झालेली लिथियम बॅटरी हवाई मार्गाने नेण्यास मनाई आहे. माझी बॅटरी ठीक होती. तरी ‘डॅमेज्ड’ हा शब्द कागदावर दिसताच कुरिअरच्या खिडकीवरच्या माणसाने पार्सल बाजूला सारले. म्हणून परत पाठवण्याच्या पत्रव्यवहारात केवळ पडदा फुटला आहे आणि बॅटरीला कोणतीही इजा नाही, हे खरे असेल तर सुरुवातीपासून स्पष्ट लिहावे. परतीचे लेबल विक्रेत्याने पाठवावे, अशी माझी मागणी होती. ते आले नाही. आला तो किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका परतावा घेऊन विषय मिटवण्याचा प्रस्ताव. तो मी नाकारला आणि बँकेकडे गेलो.

माझे पैसे परत आले ते याच मार्गाने. क्रेडिट कार्डाने केलेल्या व्यवहारात वस्तू मिळाली नाही, किंवा मिळाली ती सदोष अथवा वर्णनाविरुद्ध निघाली, तर कार्ड नेटवर्कच्या नियमांनुसार आपल्या बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याला गेलेली रक्कम उलटी फिरवून, मागता येतो. त्यासाठी साधारणपणे 120 दिवसांची मुदत असते. बँकेला तीन गोष्टी हव्या होत्या: दोषाचा पुरावा, विक्रेत्याशी आधी झालेला पत्रव्यवहार आणि वस्तू परत करण्याची तयारी दाखवणारा लेखी संदेश. तिसरी गोष्ट अनेकांच्या अर्जात नसते आणि त्यावरच अर्ज अडतो. दावा दाखल होताच विक्रेत्याचा सूर बदलला: दावा मागे घ्या, आम्ही नवे यंत्र पाठवतो. मी दावा मागे घेतला नाही, कारण मागे घेतलेला दावा पुन्हा उघडणे जवळपास अशक्य असते आणि दुसरे पार्सल सुखरूप येईल याची हमी कोणीच देत नव्हते. बँकेने ठरावीक काळात दाद दिली नाही, तर 30 दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. माझ्यावर ती वेळ आली नाही. परतावा आला तेव्हा युरोचा दर बदललेला होता आणि परकीय चलनाचा आकार बँकेने परत केला नाही.

सीमाशुल्काचे पैसे मात्र गेले. चार्जबॅक फक्त विक्रेत्याला दिलेल्या रकमेपुरता असतो. सीमाशुल्क कायदा, 1962 मध्ये यासाठी कलम 26अ आहे: सदोष निघालेली, न वापरलेली वस्तू परत निर्यात केली, शासनाकडे सोडून दिली किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट केली तर भरलेले आयातशुल्क परत मागता येते. पण हे सगळे माल सोडवण्याच्या आदेशापासून 30 दिवसांत करावे लागते. आयुक्त ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकतात. कुरिअरने आलेल्या मालाची बिल ऑफ एन्ट्री (सीमाशुल्क खात्याकडे द्यायचे आयातीचे घोषणापत्र) कंपनीच भरते, आणि तिची प्रत माझ्या हाती येईपर्यंत मुदत सरली होती. वस्तू सदोष दिसताच इतर काहीही करण्याआधी त्या कागदाची प्रत मागवावी.

ग्राहक आयोगाचा रस्ता मी पूर्ण अभ्यासला होता. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतःच्या कामाकरता घेतलेली वस्तू असली तरी माणूस ग्राहकच राहतो, हे माझ्यासारख्यांना महत्त्वाचे. 2020 चे ई-कॉमर्स नियम भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही लागू आहेत आणि तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण एका महिन्यात, अशी सक्ती त्यांत आहे. अडचण वसुलीची आहे: भारतात कार्यालय नसलेल्या दुकानाविरुद्ध आदेश मिळाला, तरी पैसे वसूल करायला इथे काही हाती लागत नाही. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत ही ग्राहकांची संघटना उभी केली, तेव्हा विक्रेता निदान आपल्याच बाजारपेठेत बसलेला असे.

म्हणून दुसरा टॅबलेट मी भारतीय आयातदाराकडून, थोडी अधिक किंमत देऊन घेतला. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक आहे. तो पत्ता आणि बिलावरचा पत्ता एकच आहे ना, हे मी ऑर्डरपूर्वी फोटो मागवून पडताळले. वाटेत पडदा फुटल्यास यंत्र बदलून द्याल का आणि परतीचा खर्च कोणाचा, असे दोन प्रश्न ईमेलने विचारले. बदलून देऊ आणि खर्च आमचा, असे दोन ओळींचे उत्तर आल्यावरच पैसे भरले.