कोल्हापूरच्या राजारामपुरीतला एक स्पोकन इंग्लिश क्लास: 'बिग'चा धडा

या क्लासात समानार्थी शब्दांची छापील यादी पाठ करून घेतात, गडबड तिथंच होते. 'बिग'समोर लार्ज, ग्रेट, ह्यूज एवढंच छापलंय. मग पोरं थोरल्या भावाला 'लार्ज ब्रदर' म्हणतात; तिथं 'बिग' किंवा 'एल्डर' हवं. 'लार्ज' चालतो मापाला आणि संख्येला: शर्ट, रक्कम, गर्दी. 'ह्यूज'मध्येच 'खूप' आलेलं असतं, त्यामुळं 'व्हेरी ह्यूज' कानाला खटकतं. पंचगंगेला पूर आणणारा पाऊस 'हेवी', 'बिग' नव्हे. (यादीत 'हेवी' नाहीच!)

बोलण्याचा सराव मात्र झकास. भीड मोडायची असेल तर जावा. शब्दांसाठी उदाहरणवाक्यं देणारा लर्नर्स (भाषा शिकणाऱ्यांसाठीचा) शब्दकोश घ्या आणि वहीत शब्द सुटा न लिहिता जोडीनं लिहा: हेवी रेन, लार्ज अमाउंट, बिग मिस्टेक.