गंगापूर रोडचं पेन क्लिनिक: नागीण बरी झाली, दुखणं राहिलं, तेव्हा

सासूबाईंना पावसाळ्याच्या तोंडावर डाव्या बरगडीखाली नागीण निघाली. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात, त्या झाल्या. फोड सुकले, खपल्या पडल्या. आग मात्र थांबेना. पदर नुसता घासला तरी आई कळवळायच्या. एका डॉक्टरांनी "या वयात वेळ लागतोच" म्हणून साध्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. गणपती उलटले तरी आई रात्र उशीला टेकून बसूनच काढत होत्या. मग ओळखीतून नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या, फक्त दुखण्यावर उपचार करणाऱ्या या क्लिनिकचं नाव कळलं.

इथे पहिल्याच भेटीत जे पाहिलं त्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता आईंना विचारलं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही, तर आत्ता किती? आई म्हणाल्या, "लई दुखतं. आकडा काय सांगू?" हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा कागद दाखवला, तोही त्यांनी बाजूला सारला. तेव्हा नर्सताई खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलंय समजू?"

आईंचा जन्म पंचवटीतला. गोदावरीचा पूर लहानपणापासून नदीकाठच्या त्या मारुतीच्या मूर्तीवरच मोजलेला, पाणी कुठवर चढलं ते बघून. थोडा विचार करून म्हणाल्या, "नुसती बसले तर कमरेला. लुगडं लागलं की गळ्याला." नर्सताईंनी दोन्ही वेगवेगळं लिहून घेतलं. त्यानंतर प्रत्येक भेटीत याच शब्दांत विचारतात. प्रश्न बदलला की मागच्या उत्तराशी ताडून बघता येत नाही, असं त्यांनी मला समजावलं. तीन महिन्यांत आईंचं दुखणं कुणीतरी पहिल्यांदाच नोंदवलं होतं, आणि त्या दिवशी घरी येताना रिक्षात त्या आपणहून बोलत होत्या.

मग दुखणं कोणत्या जातीचं आहे ते पाहिलं. डीएन-फोर नावाची प्रश्नावली आहे, दहा मुद्द्यांची. आग होते का, विजेचा झटका बसल्यासारखं होतं का, मुंग्या, बधिरपणा, खाज. शिवाय मऊ ब्रश फिरवून आणि हलकंसं टोचून तपासतात. ४ किंवा जास्त गुण आले तर दुखणं नसेचं, म्हणजे मज्जातंतूचं, असण्याची शक्यता मोठी. आईंचे ७ आले. नसेच्या दुखण्याला नेहमीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत, एवढी साधी गोष्ट आम्हाला तोवर कुणी सांगितली नव्हती.

प्रीगाबालिन हे नसेच्या दुखण्यावरचं औषध सुरू करण्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, त्यावरून किडनीचं काम कळतं, कारण त्याचा डोस किडनी बघून ठरवावा लागतो. सुरुवात रात्रीच्या अगदी लहान डोसने. चक्कर येईल, झापड येईल, म्हाताऱ्या माणसाचा तोल जाईल हे आधीच सांगितलं आणि मोरीत धरायला दांडी बसवून घ्या म्हणाले. आम्ही त्याच आठवड्यात बसवली. दुखऱ्या जागेवर लावायला लिडोकेनची, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाची, पट्टी दिली.

"पूर्ण थांबेल का?" असं मी विचारलं. डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. ते म्हणाले, २००१ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रीगाबालिनच्या १० चाचण्यांमधल्या २,७२४ रुग्णांचे आकडे एकत्र पाहिले, त्यात नागिणीनंतरच्या दुखण्याचेही रुग्ण होते. दहाच्या मापावर दुखणं साधारण २ अंकांनी, म्हणजे जवळपास ३० टक्क्यांनी उतरलं, की रुग्ण स्वतःच "बराच फरक आहे" म्हणतो. आपण आधी तिथवर पोहोचू, मग पुढचं बघू. झोप, चालणं, जेवण यांचीही वही ठेवायला सांगितली. दिवाळीच्या सुमारास पदर लागल्यावरचं पाणी गळ्यावरून कमरेला आलं. आता आई आडव्या होऊन झोपतात आणि सकाळी मेथी निवडायला बसतात.

उणिवा आहेत. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुखण्याच्या डॉक्टरांकडे जिने चढून जावं लागतं हे बरं नाही. सगळे फॉर्म इंग्रजीत आहेत. नर्सताई वाचून सांगतात, पण गर्दीच्या दिवशी त्यांना ते किती जमणार? मराठीत छापून घ्या, अशी माझी मनापासून विनंती आहे. दिलेल्या वेळेपेक्षा तासभर उशीर धरूनच चला. फी कमी नाही, पण पहिल्या भेटीला पाऊण तास देतात.

जाताना आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि रक्ताचे रिपोर्ट बरोबर न्या. नागिणीची लसही आता आपल्याकडे मिळते, पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. महाग आहे. माझं वय ५४, आईंच्या पुढच्या तपासणीच्या वेळी मी माझ्यासाठी विचारणार आहे.